अंदमानचे लोक खरंच असे होते का?

प्रश्न एका आईचा आहे. त्यांचा तेरा वर्षांचा मुलगा शेरलॉक होम्सची ‘द साइन ऑफ फोर’ ही कादंबरी मूळ इंग्रजीतून वाचत होता. अंदमानी माणसाच्या वर्णनापाशी तो थांबला आणि त्याने विचारले, “अंदमानचे लोक खरंच असे होते का?” त्यावरून आईने तीन गोष्टी विचारल्या आहेत: पुस्तक त्याच्याकडून काढून घ्यावे का, ‘त्या काळी सगळेच असे लिहीत’ एवढे उत्तर पुरेसे आहे का, आणि एखादा सौम्य केलेला मराठी अनुवाद त्याला द्यावा का. मी जवळजवळ तीस वर्षे महाविद्यालयात इंग्रजी साहित्य शिकवले आणि त्या काळातील काही कथा मराठीत आणल्या. हे तिन्ही प्रश्न मला वर्गात आणि अनुवादाच्या टेबलावर अनेकदा पडलेले आहेत, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

मुलाच्या प्रश्नाचे उत्तर आधी द्यायला हवे, कारण ते स्पष्ट आहे. नाही, ते लोक असे नव्हते. कादंबरीत होम्स कपाटातून गॅझेटियर, म्हणजे प्रदेशांची माहिती देणारा एक जाडजूड ग्रंथ, काढतो आणि वॉटसनला वाचून दाखवतो: अंदमानच्या माणसांची सरासरी उंची चार फुटांहूनही कमी, डोकी मोठी आणि बेढब, डोळे बारीक आणि क्रूर, फुटलेल्या जहाजावरचे लोक हाती लागले की दगडी गदांनी त्यांची डोकी फोडायची किंवा विषारी बाणांनी त्यांना मारायचे आणि शेवटी त्यांचे मांस खायचे. यातील जवळजवळ प्रत्येक तपशील चुकीचा आहे. तिथल्या ग्रेट अंदमानी जमातीच्या पुरुषांची सरासरी उंची सुमारे ४ फूट १० इंच होती. शिकारीसाठी आणि मासे मारण्यासाठी ते धनुष्यबाण वापरत, आणि बाणांना विष लावण्याची रीत त्यांच्यात नव्हती. कादंबरीतला टोंगा नावाचा अंदमानी ज्या फुंकनळीतून विषारी काटा सोडून खून करतो, ती फुंकनळी अंदमानात वापरलीच जात नव्हती. ते माणसे खात, ही तेराव्या शतकातील मार्को पोलोच्या काळापासून चालत आलेली ऐकीव गोष्ट होती, आणि त्याच मार्को पोलोने त्या बेटांवरील माणसांची तोंडे कुत्र्यासारखी असतात असेही सांगून ठेवले होते.

आता ‘त्या काळी सगळेच असे लिहीत’ या उत्तराकडे वळतो. हे उत्तर मी प्राध्यापकांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकले आहे की त्याची नीट तपासणी करणे मला कर्तव्य वाटते. कादंबरी प्रथम फेब्रुवारी १८९० मध्ये ‘लिपिनकॉट्स’ या मासिकात छापली गेली. त्याच्या सात-आठ वर्षे आधी, १८८२-८३ मध्ये, ई. एच. मॅन या इंग्रज अधिकाऱ्याने लंडनच्या मानववंशशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात अंदमानी लोकांवर सविस्तर लेखन प्रसिद्ध केले होते. हा माणूस पोर्ट ब्लेअरला दहाहून अधिक वर्षे राहिलेला होता, तिथली भाषा शिकलेला होता, आणि नरमांसभक्षणाचा काहीही मागमूस त्या लोकांत आढळत नाही असे त्याने स्वच्छ लिहिले होते. म्हणजे खरी माहिती त्याच शहरात, छापील स्वरूपात, ज्याला हवी त्याला उपलब्ध होती. होम्स मात्र आपल्या हातातील ग्रंथाला अगदी ताजे आणि अधिकृत प्रमाण म्हणून मिरवतो, आणि वाचकाचा होम्सवर पूर्ण विश्वास असल्यामुळे तोच विश्वास त्या ग्रंथाकडे सरकतो.

गॅझेटियर हा शब्द आपल्याकडे फार वजनदार आहे. आपल्या गावाचा, तालुक्याचा इतिहास लिहिणारा माणूस आजही जेम्स कॅम्पबेल यांच्या देखरेखीखाली १८७७ पासून निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरपाशी जातोच, आणि त्यातील पाऊसपाणी, पिके आणि किल्ले यांची माहिती खरोखर उपयोगाची असते. पण त्याच खंडांत एकेका जातीचे वर्णन ‘कष्टाळू’, ‘काटकसरी’, ‘आळशी’ अशा दोन-चार विशेषणांत उरकलेले असते, आणि आकडेवारीच्या शेजारी बसल्यामुळे त्या विशेषणांनाही आकडेवारीचा मान मिळतो. होम्सच्या हातातल्या ग्रंथाची युक्ती हीच आहे. पूर्वग्रह एखाद्या पात्राच्या तोंडी मत म्हणून आला असता, तर वाचकाने त्याच्याशी वाद घातला असता. संदर्भग्रंथाच्या तोंडी तो माहिती म्हणून येतो, आणि माहितीशी वाद घालायचे वाचकाला सुचत नाही.

‘त्या काळा’बद्दल आणखी एक घटना मुलाला जरूर सांगावी. नोव्हेंबर १८८८ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान लॉर्ड सॅलिस्बरी यांनी एडिंबरो येथील भाषणात, इंग्लंडमधला मतदारसंघ एका ‘काळ्या माणसाला’ निवडून देईल इतकी आपली प्रगती झाली आहे असे मला वाटत नाही, अशा अर्थाचे उद्गार काढले. रोख दादाभाई नवरोजींवर होता. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात प्राध्यापक राहिलेले दादाभाई १८८६ मध्ये लंडनच्या होबर्न मतदारसंघात उभे राहून पराभूत झालेले होते. त्या उद्गारांवर इंग्लंडमध्येच मोठा गदारोळ झाला, लिबरल पक्षाच्या लोकांनी आणि वृत्तपत्रांनी पंतप्रधानांना धारेवर धरले, आणि १८९२ मध्ये सेंट्रल फिन्सबरीच्या मतदारांनी अवघ्या ५ मतांच्या आधिक्याने का होईना, दादाभाईंना पार्लमेंटात पाठवले. कादंबरी या दोन घटनांच्या मधोमध प्रसिद्ध झाली. त्या काळात वंशाचा अहंकार भरपूर होता, यात शंका नाही, पण तो लाजिरवाणा आहे असे म्हणणारी माणसेही त्याच काळात, त्याच रस्त्यांवर होती. ‘त्या काळी सगळेच’ असे म्हटले की आपण त्या माणसांना इतिहासातून पुसून टाकतो, आणि माझी या उत्तराविषयीची मुख्य तक्रार हीच आहे.

लेखक आर्थर कॉनन डॉयल स्वतः या बाबतीत एकसारखा नाही. तरुणपणी, १८८१-८२ मध्ये, ‘मायुंबा’ या जहाजावर डॉक्टर म्हणून तो पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेला असता मनरोव्हिया येथे त्याला अमेरिकेचा एक कृष्णवर्णीय राजनैतिक प्रतिनिधी भेटला. हा हेन्री हायलँड गार्नेट, म्हणजे गुलामगिरीत जन्मलेला आणि पुढे गुलामगिरीविरोधी चळवळीचा मोठा वक्ता झालेला माणूस. त्या किनाऱ्यावर मला भेटलेला सर्वांत बुद्धिमान आणि बहुश्रुत माणूस तोच, असे डॉयलने पुढे आत्मचरित्रात नोंदवले. टोंगाचे वर्णन त्याने लिहिले ते या भेटीनंतर. मग १८९३ मध्ये त्याने ‘द यलो फेस’ ही कथा लिहिली. तिच्यात एका इंग्रज गृहस्थाला कळते की आपल्या पत्नीचा पहिला पती कृष्णवर्णीय होता आणि त्या विवाहाची मुलगी तिने लपवून ठेवली आहे. तो काही वेळ गप्प उभा राहतो, मग त्या मुलीला उचलून घेतो, तिचे चुंबन घेतो आणि दुसरा हात पत्नीपुढे करतो. १९०९ मध्ये याच लेखकाने काँगोतील लिओपोल्ड राजाच्या राजवटीतील अत्याचारांवर एक संतप्त पुस्तक लिहिले. आणि १९२६ मधल्या ‘द थ्री गेबल्स’ या होम्सकथेत त्याच होम्सच्या तोंडी एका कृष्णवर्णीय पात्राच्या ओठांवरून आणि अंगाच्या वासावरून इतके हीन शेरे घातले की वर्गात ते वाचताना माझा आवाज अडखळत असे. काळ पुढे गेला म्हणून लेखणी सुधारली असे इथे झालेले नाही. प्रत्येक वेळी लेखक निवड करत होता. कधी नीट केली, कधी वाईट केली. मुलाला लेखकाचा ‘वाईट’ किंवा ‘चांगला’ असा दाखला देण्याची गरज नाही, ही एकेक निवड दाखवावी.

ती निवड कुठे दिसते? माझ्या अनुभवात वाचक पूर्वग्रह शोधायला निघाले की शिव्या आणि विशेषणे मोजू लागतात. त्याने थोडेच हाती लागते. नायजेरियन कादंबरीकार चिनुआ अचेबे यांनी १८ फेब्रुवारी १९७५ रोजी अमेरिकेतील अ‍ॅम्हर्स्ट येथे जोसेफ कॉनरॅडच्या ‘हार्ट ऑफ डार्कनेस’वर एक व्याख्यान दिले. त्यात त्यांनी कॉनरॅडला वंशद्वेष्टा म्हटले म्हणून ते गाजले. मला मात्र त्यातले एक साधे निरीक्षण जन्मभर पुरले: त्या पुस्तकात आफ्रिकेच्या माणसांना भाषा जवळजवळ मिळतच नाही, आणि मिळते ती एक-दोन वेळा, तीही स्वतःची हीनता जाहीर करण्यापुरती. तेव्हापासून अशा कादंबऱ्या शिकवताना मी विद्यार्थ्यांना आधी इतकेच विचारायला लागलो की कोण बोलतो, कोण पाहतो आणि कोणाचे नाव नीट लिहिले आहे.

टोंगाला हे प्रश्न लावून पाहा. संपूर्ण कादंबरीत तो एक वाक्य बोलत नाही. जोनाथन स्मॉल हा एकपायी इंग्रज कैदी सांगतो की मी त्याची थोडीफार भाषा शिकलो होतो, म्हणजे ते दोघे बोलत असत, पण काय बोलत असत ते आपल्याला कधीच कळत नाही. थेम्स नदीवरील पाठलागात टोंगा प्रथम दिसतो तेव्हा वॉटसनला तो एखाद्या मोठ्या न्यूफाउंडलंड कुत्र्यासारखा काळा ढीग वाटतो, मग त्या ढिगाचा माणूस होतो, आणि इतका पशुवत क्रूर चेहरा आपण पाहिला नाही असे वॉटसन ठरवतो. काही क्षणांत होम्स आणि वॉटसन दोघेही गोळ्या झाडतात आणि तो नदीत पडतो. त्याने फुंकनळी ओठांना लावली होती हे खरे, त्यामुळे गोळी झाडण्याला कथेत कारण आहे. पण त्याच्या मृत्यूला तिथे एक उसासाही मिळत नाही.

नावांची गोष्ट भारतीय वाचकाला पटकन कळते. कादंबरीतले ‘चार’ म्हणजे स्मॉल आणि त्याचे आग्र्याच्या किल्ल्यातले तीन साथीदार: मोहमेट सिंग, अब्दुल्ला खान आणि दोस्त अकबर. यातील पहिले दोघे चिलियानवालाच्या लढाईत इंग्रजांविरुद्ध लढलेले शीख सैनिक आहेत, असे लेखक सांगतो. अब्दुल्ला खान नावाचा शीख! आमच्या वर्गात इथे नेहमी हशा पिकत असे, आणि तो थांबल्यावर मी मुलांना विचारत असे की लेखकाला हे नीट करून घ्यायला किती वेळ लागला असता. लंडनमध्ये पंजाबात नोकरी केलेले शेकडो निवृत्त इंग्रज होते; त्यांतल्या एकाला विचारले असते तरी पुरे होते. ते विचारावेसे वाटले नाही, कारण चूक पकडणारा वाचक लेखकाच्या डोळ्यांसमोर नव्हताच. द्वेषापेक्षा ही बेपर्वाई त्या काळच्या कथांत कितीतरी अधिक आहे, आणि ती ओळखायला अवघड आहे, कारण तिच्यात शिवी नसते.

इथपर्यंत वाचून पुस्तक कपाटात बंद करावे असे कुणालाही वाटेल. मी तसे करू नका म्हणतो, आणि त्याचे कारण पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात आहे. पकडला गेल्यावर स्मॉल आपली हकिकत सांगतो. अंदमानच्या रानात कैद्यांच्या एका टोळीला एक बेटवासी मरणासन्न अवस्थेत सापडला. तो एकांतात मरायला आला होता. स्मॉलने महिना-दोन महिने त्याची शुश्रूषा केली, तो बरा झाला आणि मग स्मॉलची पाठ सोडीना. त्यानेच आपल्या होडीतून स्मॉलला बेटावरून सोडवले. टोंगा हा अत्यंत निष्ठावान होता, त्याच्यासारखा सोबती कुणाला मिळाला नसेल, असे स्मॉल म्हणतो. आणि मग तो सहज सांगून जातो की इंग्लंडमध्ये पोटासाठी मी टोंगाला जत्रांतून ‘काळा नरभक्षक’ म्हणून दाखवत असे. तो कच्चे मांस खाऊन दाखवी, युद्धनृत्य करी, आणि दिवसाअखेर टोपीभर पैसे जमत.

ही दोन पाने एकमेकांसमोर ठेवून वाचावीत. आधी होम्सचा ग्रंथ म्हणतो की हे लोक माणसे खातात. काही प्रकरणांनंतर तीच गोष्ट जत्रेतला खेळ म्हणून समोर येते, जो एक इंग्रज एका परावलंबी माणसाकडून इंग्रज प्रेक्षकांपुढे पैशांसाठी करवून घेतो. ज्या समाजाने तो ग्रंथ लिहिला, त्याच समाजाने पैसे टाकून ‘नरभक्षक’ पाहिला. डॉयलने हे जाणूनबुजून केले असे मला वाटत नाही; होम्स किंवा वॉटसन यांपैकी कुणीही त्या विसंगतीकडे लक्ष वेधत नाही. पण कथा सांगण्याचे कसब लेखकाच्या पूर्वग्रहापेक्षा अधिक प्रामाणिक निघाले आणि पुस्तकाने स्वतःच्याच विधानाविरुद्ध साक्ष दिली. हे पाहायला शिकलेला मुलगा पुढे वर्तमानपत्रही वेगळ्या डोळ्यांनी वाचेल, असा माझा वर्गातला अनुभव आहे.

टोंगा आजारी का होता, हे कादंबरी सांगत नाही. इतिहास सांगतो. १८५७ च्या बंडातील कैद्यांसाठी मार्च १८५८ मध्ये पोर्ट ब्लेअरची वसाहत सुरू झाली, आणि तिच्याबरोबर असे आजार आले ज्यांची त्या बेटांना ओळख नव्हती. १८७७ मध्ये गोवराची मोठी साथ आली. काही हजारांच्या घरात असलेले ग्रेट अंदमानी १९०१ च्या जनगणनेत ६२५ उरले होते, १९६१ मध्ये अवघे १९. त्यांच्यातील ‘बो’ ही भाषा बोलणारी शेवटची व्यक्ती, बोआ सीनियर या नावाने ओळखली जाणारी वृद्धा, जानेवारी २०१० मध्ये वारली. आणि ज्यांना ग्रंथाने उपजत क्रूर ठरवले, त्यांनी १८५८ मध्ये पळून रानात शिरलेल्या दूधनाथ तिवारी या जखमी कैद्याला आपल्यात ठेवून घेतले होते, त्याचा विवाहही लावून दिला होता. दुसऱ्या वर्षी त्यांनी वसाहतीवर हल्ल्याची तयारी केली तेव्हा तोच तिवारी निसटून इंग्रजांना खबर देऊन आला, आणि पोर्ट ब्लेअरमधल्या अ‍ॅबर्डीनच्या त्या लढाईत ते पराभूत झाले. विश्वासघात कुणी केला, हे इतिहासात नेमके उलटे आहे. इथे आपल्यालाही थोडे थांबावे लागेल. मराठी घरात अंदमान म्हटले की काळे पाणी आणि सेल्युलर जेल आठवते, आणि ते स्वाभाविक आहे. पण त्या तुरुंगाच्या आधीपासून तिथे कोण राहत होते, हे आपल्या शाळेत मला कुणी सांगितले नव्हते.

आता अनुवादाचा प्रश्न. सौम्य केलेला अनुवाद देऊ नये, असे माझे ठाम मत आहे, आणि ते एका चुकीतून आलेले आहे. तिशीत केलेल्या माझ्या पहिल्या अनुवादात मी ‘सॅव्हेज’ या शब्दासाठी सरसकट ‘आदिवासी’ लिहिले. ‘रानटी’ हा शब्द मला कठोर वाटला आणि ‘आदिवासी’ सभ्य. पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर पालघरकडून शिकायला आलेली एक विद्यार्थिनी ते घेऊन माझ्याकडे आली, एका ओळीवर बोट ठेवले आणि म्हणाली, “सर, हे आमच्याबद्दल लिहिलंय का?” त्या ओळीत ‘आदिवासी’ माणसे कापून खात होते. इंग्रज लेखकाची शिवी लपवण्याच्या नादात मी ती आज जिवंत असलेल्या, त्याच नावाने स्वतःला अभिमानाने ओळखणाऱ्या लोकांच्या कपाळी लावली होती. पुढच्या आवृत्तीत मी ‘रानटी’ परत आणले. तो शब्द वाचकाला खटकतो, आणि तो लेखकाच्या खात्यावर राहतो, जिथे तो असायला हवा.

‘नरभक्षक’ या शब्दाचेही तसेच आहे. मराठीत तो आपण बहुधा वाघासाठी वापरतो, त्यामुळे माणसाला लावताच त्यात पशूची छटा आपोआप मिसळते. जत्रेतल्या पाटीसाठी तो चपखल आहे, कारण ती पाटी पशूच दाखवायला निघालेली आहे. होम्सच्या ग्रंथात मात्र ‘माणसे खाणारे’ असे साधे लिहावे.

त्याहून नाजूक जागा क्रियापदांची आहे. इंग्रजीत सगळ्यांना एकच सर्वनाम. मराठीत मात्र कोणाला ‘आले’ म्हणायचे आणि कोणाला ‘आला’, हे अनुवादकाला प्रत्येक वाक्यात ठरवावे लागते. ‘मेजर शोल्टो आले’ आणि ‘टोंगा आला’ असे लिहिले की मूळ पुस्तकात नसलेली एक पायरी आपण आपल्या हाताने बांधतो. तीही अशा मेजरसाठी, ज्याने कथेत चौघांना फसवून खजिना लाटला आहे! होम्सपासून टोंगापर्यंत निवेदनात सर्वांना एकवचन ठेवावे. संवादात जे पात्र ज्याला जसा मान देईल तसा देऊ द्यावा.

तेव्हा मूळ पुस्तक त्याच्याकडेच राहू द्या. त्याला मराठीतही वाचायचे असेल, तर दुकानात पुस्तक हातात घेऊन आधी शेवटचे प्रकरण उघडा. मुलांसाठीच्या संक्षिप्त आवृत्त्यांत होम्सचा ग्रंथ बहुधा जसाच्या तसा असतो, कारण तो रोमांचक आहे, आणि स्मॉलची हकिकत दोन परिच्छेदांत गुंडाळलेली असते, कारण ती लांब आहे. ज्या प्रतीत जत्रेचा तो मजकूर नसेल, ती परत फळीवर ठेवा.